कोरा आणि पाइप : ग्लासगो ते सेलकर्क

बुधवार, ग्लासगो

पश्चिम आफ्रिकेचे संगीत आणि स्कॉटलंडचे लोकसंगीत एकत्र वाजवणाऱ्या कलाकारांना मी बरीच वर्षे ध्वनिमुद्रणांतून ऐकत आले आहे. ते जिथे घडते तिथे जाऊन ऐकण्याचा योग यंदाच्या जानेवारीत आला. माझा मावसभाऊ आणि वहिनी ग्लासगोच्या दक्षिण भागात राहतात. वहिनींच्या ओळखीतले काही वादक शेजारच्या चर्चच्या सभागृहात दर आठवड्याला तालीम करतात आणि रविवारी त्यांचा छोटा कार्यक्रम आहे, असे वहिनींनी कळवले आणि मी तिकीट काढले.

जानेवारी हा या शहरातला संगीताचा महिना आहे. 1994 साली, नाताळानंतर रॉयल कॉन्सर्ट हॉल रिकामा राहतो म्हणून इथे ‘केल्टिक कनेक्शन्स’ हा महोत्सव सुरू झाला. पुढे तो एवढा वाढला की आयर्लंड, वेल्स अशा केल्टिक भाषांच्या प्रदेशांबरोबर जगभरचे वादक इथे येऊ लागले आणि त्यांत माली, सेनेगल, गिनी या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून कोरा हे तारांचे वाद्य वाजवणारेही आले. मी मात्र पहिला दिवस कोणत्याही मैफलीला न देता शहर पायी पाहण्यासाठी राखून ठेवला होता, कारण आफ्रिका आणि ग्लासगो यांची ओळख संगीतापासून सुरू झालेली नाही.

कॉन्सर्ट हॉल ज्या रस्त्याच्या माथ्यावर उभा आहे तो ब्युकॅनन स्ट्रीट एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या नावाचा आहे. ग्लासफर्ड स्ट्रीटचेही तेच. दक्षिणेला नदीकडे उतरणारा रस्ता तर सरळ जमैका स्ट्रीट आहे. अठराव्या शतकात व्हर्जिनियाची तंबाखू आणि वेस्ट इंडीजची साखर या बंदरातून युरोपभर जात असे आणि ती पिकवणारे हात आफ्रिकेतून पळवून नेलेल्या गुलामांचे होते. आज जिथे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे ती खांबांची भव्य इमारत मुळात विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा होती. ग्लासगो विद्यापीठाने 2018 साली स्वतःच अहवाल प्रसिद्ध करून गुलामगिरीच्या पैशातून आपल्याला मिळालेल्या देणग्यांची कबुली दिली आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर 2 कोटी पौंडांच्या सहकार्याचा करार केला. दोन संस्कृतींचा मिलाफ हे शब्द फार सहज वापरले जातात. या रस्त्यांवरून चालल्यावर ते सहज उच्चारावेसे वाटत नाहीत.

त्याच रस्त्यांना लागून नेल्सन मंडेला प्लेस आहे. मंडेला तुरुंगात असतानाच, 1981 साली, ग्लासगोने त्यांना शहराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. असे करणारे हे जगातले पहिले शहर. 1986 साली या चौकाचे जुने नाव बदलून त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारची वाणिज्य वकिलात इथेच होती आणि तिला आपल्या पत्त्यात मंडेलांचे नाव लिहिणे भाग पडले. 1993 च्या ऑक्टोबरात मंडेला इथे आले आणि जॉर्ज स्क्वेअरमध्ये भर पावसात, व्यासपीठावर, गाण्याच्या तालावर नाचले. वहिनींच्या शेजारच्या आजींनी ते स्वतः पाहिले आहे. त्या सांगत होत्या की आधी सगळे ओले होऊन कुडकुडत होते, पण ते नाचू लागल्यावर कुणी हलले नाही.

गुरुवार, ग्लासगो

सकाळी मॅकफेटर स्ट्रीटवरच्या नॅशनल पायपिंग सेंटरमध्ये गेले. पूर्वीच्या एका चर्चमध्ये ही संस्था आहे. वर्ग, सभागृह आणि पाइपांचे संग्रहालय एकाच छताखाली. हायलंड बॅगपाइप म्हणजे हवेच्या पिशवीला जोडलेल्या नळ्यांचे स्कॉटिश वाद्य. त्याची रचना जवळून पाहिली की पुढचे सगळे प्रश्न समजू लागतात. बोटांनी वाजवायच्या नळीतून फक्त नऊ स्वर निघतात. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या अखंड एकच आधारस्वर धरून असतात. आवाज लहानमोठा करता येत नाही आणि स्वर तोडताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये क्षणभर दुसरा स्वर टिचकीसारखा लावावा लागतो. स्कॉटिश पायपिंगमधली सगळी नजाकत या टिचक्यांत आहे.

स्काय बेटावर बोररेग इथे मॅक्रिमन घराण्याची पायपिंगची शाळा होती. हे घराणे डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत वादक होते. पिब्रोख हा या वाद्याचा संथ, विस्ताराचा, अभिजात प्रकार तिथे लिहून नव्हे, तर गाऊन शिकवला जात असे. ‘होद्रोहो’, ‘हिहारिन’ अशी अक्षरे ठरलेली होती आणि प्रत्येक अक्षरात कोणता स्वर, कोणती टिचकी हे सामावलेले असे. तबल्याचे बोल तोंडपाठ करून मग हात ठेवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यात परके काहीच वाटणार नाही.

याच्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे समाजातील जाली, म्हणजे वंशपरंपरागत गायक-वादकांची, घराणी ठेवून पाहावीत. माली आणि गिनीत त्यांना जेली म्हणतात. कूयाते हे त्यांतले एक नाव. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाता केइताच्या दरबारी बाला फासेके कूयाते हा त्याचा गायक, सल्लागार आणि वंशावळीचा राखणदार होता, आणि आजचे कूयाते आपली परंपरा त्याच्यापर्यंत नेतात. गिनीमधल्या न्यागासोला गावी त्या काळाशी जोडलेला सोसो-बाला हा बालाफोन (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) याच घराण्याने सांभाळला आहे. युनेस्कोने 2001 साली त्याच्याभोवतीच्या परंपरेचा मानवी वारसा म्हणून गौरव केला. आश्रयदात्या घराण्याची कीर्ती गाणे, लढाया आणि मृत्यू स्मरणात ठेवणे आणि विद्या मुलांच्या हाती देणे ही दोन्हीकडच्या वादकांची समाजाने नेमून दिलेली कामे होती. दोन्हीकडे वादक मान मिळवतो आणि तरीही आश्रित राहतो. चालींतल्या साम्यापेक्षा हे साम्य मला अधिक खोल वाटते.

चालींतल्या साम्यावरून मात्र एक मोठा प्रयोग उभा राहिला, आणि त्याचा उल्लेख इथेच केला पाहिजे. इंग्लिश गिटारवादक आणि निर्माते सायमन एमर्सन 1990 च्या दशकाच्या आरंभी सेनेगलमध्ये तिथले गायक बाबा माल यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करत असताना तिथली एक चाल त्यांना जुन्या आयरिश चालीसारखी वाटली. 1995 साली त्यांनी बाबा माल यांच्या वाद्यवृंदातले कोरावादक आणि तालवादक, आयरिश पाइप आणि बासरी वाजवणारे, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे अशा सगळ्यांना इंग्लंडमधल्या बॉक्स गावी गायक पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत एकत्र बसवले. तीच ‘अ‍ॅफ्रो केल्ट साउंड सिस्टिम’. पहिला अल्बम 1996 साली आला. गिनीचे न्फाली कूयाते या समूहात कोरा आणि बालाफोन वाजवू लागले, पंजाबी ढोल घेऊन जॉनी कालसी आले, आणि 2016 च्या ‘द सोर्स’ या अल्बमपर्यंत ग्रिगर लॉरी यांच्यामुळे स्कॉटिश गेलिक भाषाही त्यात आली. ते पाइप वाजवतात, जुनी गेलिक गाणी गातात आणि त्याच भाषेत रॅपही करतात. एमर्सन मार्च 2023 मध्ये गेले. फार पूर्वी केल्ट लोक आफ्रिकेत किंवा भारतात राहत होते अशी एक दंतकथा या प्रयोगाच्या जन्माशी जोडली जाते. तिला ऐतिहासिक आधार नाही, आणि माझ्या मते तिची गरजही नाही. दोन माणसांना एकत्र वाजवण्यासाठी पूर्वज एक असावे लागत नाहीत.

शुक्रवार, ग्लासगो

या प्रवासातला सर्वांत मोलाचा दिवस. संध्याकाळी वहिनींबरोबर तालमीला गेले.

चर्चचे सभागृह थंड होते आणि वादकांनी कोट काढलेले नव्हते. कोरा वाजवणारे आणि गाणारे गृहस्थ गांबियाचे, जाली घराण्यातले. पाइप वाजवणारी तरुणी स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची, घरी गेलिक बोलणारी. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे अ‍ॅबर्डीनकडचे निवृत्त शिक्षक. तालवाद्यांवर ग्लासगोतच जन्मलेला, घानाच्या आईवडिलांचा मुलगा. आणि बेस गिटारवर एक पोलिश बाई. वहिनींनी माझी ओळख करून देताच कोरावादकांनी त्यांची खुर्ची मला दिली आणि स्वतः पेटीवर बसले.

कोरा म्हणजे मोठा अर्धा भोपळा, त्यावर ताणलेले गाईचे कातडे, लांब दांडा आणि एकवीस तारा. डाव्या हाताला अकरा, उजव्याला दहा. तारा आता मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. दोन मुठी धरून फक्त अंगठे आणि तर्जन्यांनी वाजवायचे. अंगठे खालचा ठेका चालवतात, तर्जन्या वर तान घेतात. त्यांच्या कोऱ्याच्या दांड्यावर अजून कातड्याची कडी होती. प्रत्येक कडी पिळून वर-खाली सरकवून तार लावावी लागते, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य दुसऱ्या स्वरात लावणे जवळजवळ अशक्य. पाइपचे तर स्वर लाकडातच कोरलेले. म्हणजे दोन्ही वाद्ये आपापल्या जागी ठाम, आणि तरी एकत्र यायचे.

मोठा हायलंड पाइप खोलीत कोऱ्याला पूर्ण गिळून टाकतो. म्हणून ती तरुणी स्मॉलपाइप घेऊन आली होती. याला तोंडाने फुंकावे लागत नाही. कोपराखाली भाता असतो आणि आवाज फिडलइतकाच मऊ असतो. हे पाइप वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळतात आणि तिने मुद्दाम सी पट्टीचा आणला होता. कोरा एफ पट्टीत लावलेला होता. पट्ट्या वेगळ्या असून हे कसे जुळणार, हे मला कळेना. तिने एकेक स्वर वाजवून दाखवले आणि वहिनी, ज्या लग्नाआधी बरीच वर्षे गाणे शिकल्या आहेत, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ताई, हा खमाज आहे. आणि तो कोरा बिलावल आहे. स्वर तेच, सा वेगळा.”

अगदी तसेच होते. पाइपच्या स्वरांत वरचा निषाद कोमल असतो, बाकी सगळे शुद्ध. सी हा षड्ज धरून ते सात स्वर घेतले तर तेच सात स्वर एफ षड्ज धरल्यावर सगळे शुद्ध होतात. एकाही तारेला हात न लावता दोन्ही वाद्ये एका सप्तकात बसली. बदलले फक्त घर. ही आपली मूर्च्छना. पण खरा आनंद त्यानंतरचा होता. पाइपचा आधारस्वर अखंड सी धरून होता. कोरावादकांनी खालची एफ तार छेडली की तो आधारस्वर एकदम पंचम होई, आणि त्यांनी सी तारेवर येऊन ठेका धरला की तोच स्वर पुन्हा षड्ज. पाइप वाजवणारी काहीही वेगळे करत नव्हती. तिच्या स्वराचा अर्थ कोऱ्याच्या एका तारेने बदलत होता. त्यांनी हे तीन-चार वेळा करून दाखवले, आणि प्रत्येक वेळी सभागृहाचे छत उंच झाल्यासारखे वाटे.

सूर अगदी काट्यावर मात्र जुळत नव्हता. कोऱ्याचा गंधार पाइपच्या गंधारापेक्षा किंचित चढा होता. त्यावर दोघांनी जवळजवळ अर्धा तास घालवला. शेवटी तिने नळीच्या एका छिद्राच्या कडेवरची चिकटपट्टी थोडी मागे सरकवली आणि त्यांनी एक कडी केसभर उतरवली. दोघांनाही पूर्ण आपला नसलेला असा एक गंधार ठरला.

मग तालाचा प्रश्न आला. फिडलवादकांनी जिग ही नाचाची चाल सुरू केली. जिगमध्ये सहाचे दोन भाग असतात, तीन आणि तीन, आपल्या दादऱ्यासारखे. त्यांचा पाय त्या दोन ठिकाणीच पडत होता. तालवादक मुलाने त्याच सहांचे दोन-दोनचे तीन भाग केले. कोरावादक भोपळ्यावर बोटाने त्या तिनांचा ठोका देऊ लागले. एका आवर्तनात खाली दोन, वर तीन, आणि फिडलची चाल दोन्हींच्या मधून वाट काढत. आरंभी फिडलवादक दोनदा चुकले, कारण पाय कुठे टाकावा हेच कळेना. त्या मुलाने त्यांना सांगितले, “तुम्ही माझ्याकडे ऐकू नका. तुमचाच पाय पक्का धरा, मी येऊन मिळतो.” तिसऱ्या खेपेस बसले. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येत आणि लगेच आपापल्या वाटेला लागत.

मला जे सांगायचे आहे ते या तालमीत आहे. असे संगीत स्टुडिओत दोन ध्वनिमुद्रणे एकावर एक ठेवूनही तयार करता येते आणि कानाला बरे लागते. पण तो गंधार तसा ठरला नसता. त्यासाठी ज्याची विद्या आहे तो माणूस खोलीत बसलेला हवा, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार हवा.

शनिवार, सेलकर्क

एडिंबऱ्याहून बॉर्डर्स रेल्वेने गालाशील्स आणि तिथून बसने सेलकर्क. हा रेल्वेमार्ग अनेक दशके बंद राहून 2015 साली पुन्हा सुरू झाला. डबा जवळजवळ रिकामा होता, बाहेर बर्फाची पातळ साय. वाटेत ‘टोबर अन ड्यूअल्खस’ या संकेतस्थळावरची ध्वनिमुद्रणे ऐकली. एडिंबरा विद्यापीठात 1951 साली स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संशोधकांनी बेटाबेटांवर फिरून जी गाणी जमवली त्यांतली हजारो तिथे कोणालाही ऐकता येतात. मी ऐकत होते ती लोकर मळतानाची गाणी. नवे विणलेले ओले कापड टेबलाभोवती बसलेल्या बायका आपटत, फिरवत, घट्ट करत. एक बाई ओळ घेई आणि बाकीच्या ठरलेल्या अर्थहीन अक्षरांचे पालुपद म्हणत. ओळी प्रेमाच्या, मृत्यूच्या, चेष्टेच्या. ठेका हाताच्या कामाचा.

सेलकर्कला जायचे कारण मंगो पार्क. गावाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे. 1771 साली इथून जवळच, यॅरो नदीकाठच्या फाउलशील्स या शेतघरात ते जन्मले, डॉक्टर झाले, आणि 1795 मध्ये गांबिया नदीवरून आत शिरून 1796 साली नायजर नदीपर्यंत पोहोचले. 1799 साली छापलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात मांडिंगो, म्हणजे आजच्या मांडिंका, लोकांच्या वाद्यांची यादी आहे: अठरा तारांची मोठी वीणा ‘कोरो’, भोपळे टांगलेल्या लाकडी पट्ट्यांचा ‘बालाफू’, तीन तारांची ‘कुंटिंग’. काल चर्चच्या सभागृहात पाहिलेले वाद्य सव्वादोनशे वर्षांपूर्वी या खेड्यातल्या एका माणसाने कागदावर उतरवले होते. गाणारे ‘जिली की’ लोक राजांची कीर्ती आणि इतिहास गातात, हेही त्यांनी नोंदवले.

त्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. सेगू शहराजवळ राजाने त्यांना प्रवेश नाकारला, दिवसभर कोणी जेवायला दिले नाही, वादळ घोंघावत होते. तेव्हा शेतावरून परतणाऱ्या एका बाईने त्यांना घरी नेले, मासा भाजून दिला, चटई दिली. रात्री घरातल्या बायका कापूस कातत बसल्या आणि त्या पाहुण्यावरच गाणे रचू लागल्या: वारा सुटला, पाऊस पडला, गोरा माणूस दमून झाडाखाली बसला; त्याला दूध द्यायला आई नाही, धान्य दळायला बायको नाही. एक तरुणी गाई, बाकीच्या पालुपद धरत. चाल गोड आणि करुण होती, एवढे पार्क लिहितात.

पुतळ्यापाशी उभे राहून हे वाचताना आगगाडीत ऐकलेल्या बायका आणि या कातणाऱ्या बायका एकाच कामावर बसलेल्या वाटल्या. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या बायकांना तर ‘धान्य दळायला बायको नाही’ ही ओळ दुसऱ्या कोणी समजावून सांगावी लागणार नाही. पण पुढे काय झाले तेही त्याच ग्रंथात आहे. डेव्हनशायरच्या डचेसने त्या शब्दांचे इंग्रजी पद्य केले आणि लंडनच्या एका संगीतकाराने त्याला युरोपीय चाल लावली. सेगूच्या त्या मुलीची चाल कुठेच राहिली नाही. आफ्रिकेचे शब्द घेऊन युरोपात रचलेले हे एक आरंभीचे मिश्रण, आणि त्यात आफ्रिकेचा एकही सूर नाही.

रविवार, ग्लासगो

संध्याकाळी कार्यक्रम झाला. सभागृह भरले होते. गांबिया आणि सेनेगलची कुटुंबे मुलांसकट पुढे, बाकी शेजारपाजारचे. जिग परवापेक्षा मोकळी वाजली. सर्वांत उत्तम झाले ते लोकर मळण्याचे गाणे. पाइप बाजूला ठेवून लुईसच्या मुलीने गेलिक ओळ घेतली, प्रेक्षकांनी पालुपद उचलले, आणि दोन कडव्यांनंतर जालींनी मांडिंका भाषेत स्वतःच्या आजीच्या कुळाची स्तुती त्याच ठेक्यावर बसवली. त्यांनी गेलिक शब्द म्हणण्याचा प्रयत्न केला नाही, तिने मांडिंका म्हणण्याचा केला नाही. पालुपद मात्र दोघांचे एकच होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून, मांदे रिवाजाप्रमाणे, त्यांच्या कपाळाला नोट लावली. मग त्या दोन पावले सरकल्या आणि दुसरी नोट त्या मुलीच्या कपाळाला लावली.

शेवटचे गाणे मला पटले नाही. सगळी वाद्ये एकदम, वेगात, ध्वनिक्षेपक वाढवून; लोक नाचले, पण कोरा ऐकू आला नाही. नंतर खुर्च्या उचलायला मदत करताना मी ते कोरावादकांना सांगितले. ते म्हणाले, त्यांनाही तेच वाटले. नाचायला लोकांना मोठा आवाज लागतो, आणि कोऱ्यासमोर नुसते गप्प बसायला ते आलेले नसतात. मग त्यांनी पाइपवाल्या मुलीला हाक मारली. पुढच्या तालमीला शेवटचे गाणे मोडून बसवायचे ठरले: आरंभीची चार आवर्तने फक्त कोरा आणि भोपळ्यावरचा ठोका, मग स्मॉलपाइपचा आधारस्वर, आणि फिडल पाचव्या आवर्तनाच्या आधी नाही. फिडलवादकांनी हे वहीत लिहून घेतले आणि बेसचे काय, असे त्या पोलिश बाईंना विचारायला गेले.